विजयी फ्रिगेटी, बंद बंदरे

२९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या झुंजीत पुरती खिळखिळी झाली. तिच्या डोलकाठ्या कोसळल्या, कप्तान लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला आणि बंदरापर्यंत नेण्याच्याही लायकीची न उरलेली ती नौका विजेत्यांनी पेटवून दिली. तिच्यावर मुंबईच्या सेनापतिपदी नेमलेला टॉमस हिस्लॉप होता, आणि मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या ७४ तोफांच्या युद्धनौकेसाठी तांबेही होते. (१८१७ च्या डिसेंबरात महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा हिस्लॉप तो हाच.)

अमेरिकेच्या या फ्रिगेटी मुळात ब्रिटनशी लढण्यासाठी बांधल्याच नव्हत्या. अल्जिअर्सचे चाचे अमेरिकी व्यापारी जहाजे पकडू लागले, म्हणून मार्च १७९४ मध्ये काँग्रेसने सहा फ्रिगेटी बांधण्याचा कायदा केला. अल्जिअर्सशी तह झाल्यास काम थांबवावे, अशी अट त्या कायद्यातच होती. नौदल म्हणजे कर आणि कर्ज, अशी धास्ती अनेक सभासदांना वाटत होती. ती निराधार म्हणता येणार नाही. सहा नौकांसाठी मिळून सुमारे ६ लाख ८९ हजार डॉलर मंजूर झाले होते. एकट्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नेच अखेर ३ लाख २ हजारांहून अधिक खाल्ले! १७९६ मध्ये तह होताच केवळ तीन नौका पुऱ्या करण्याचे ठरले. उरलेल्या तिघींना फ्रान्सशी बिघडलेल्या संबंधांमुळे जीवदान मिळाले.

आराखडा करणाऱ्या जोशुआ हम्फ्रीजचा हिशेब मात्र पक्का होता. गरीब राष्ट्राला पुष्कळ नौका परवडत नाहीत. तेव्हा ज्या बांधावयाच्या त्या शत्रूच्या कोणत्याही फ्रिगेटीहून बळकट आणि मोठ्या युद्धनौकांहून वेगवान असाव्यात. त्यासाठी जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील लाइव्ह ओक हे विलक्षण जड लाकूड वापरले गेले आणि मोठ्या फ्रिगेटींवर २४ पौंडी तोफा चढल्या. ब्रिटिश फ्रिगेटींच्या मुख्य तोफा बहुधा १८ पौंडी असत.

अमेरिकी जहाजांवरील खलाशांना ब्रिटिश नौदल बळजबरीने आपल्या चाकरीत ओढी. हे जून १८१२ मधील युद्धाचे एक प्रमुख कारण होते. पहिल्या सहा महिन्यांतच ‘गेरियर’, ‘मॅसिडोनियन’ आणि ‘जावा’ या तीन ब्रिटिश फ्रिगेटी हरल्या. लंडनला केवढा धक्का बसला! वस्तुतः झुंज समान बळाची नव्हतीच. जुलै १८१३ मध्ये तर एकट्या फ्रिगेटीने या मोठ्या अमेरिकी फ्रिगेटींशी भिडू नये, असा गुप्त हुकूमच ब्रिटिश नौदलाला काढावा लागला.

तथापि युद्धाचा जमाखर्च झुंजींवरून मांडता येत नाही. पाचशेहून अधिक नौका बाळगणाऱ्या ब्रिटनने अमेरिकेच्या बंदरांची नाकेबंदी केली. १८११ मधील सुमारे ६ कोटी १० लाख डॉलरची निर्यात १८१४ मध्ये ७० लाखांच्या आसपास आली. सरकारचे उत्पन्न मुख्यतः आयातीवरील जकातीचे. तेही आटले आणि १८१४ च्या अखेरीस सरकारला कर्जावरील व्याज चुकविणे अशक्य झाले. गंमत अशी, की युद्धाच्या आरंभी अमेरिकी व्यापारी ब्रिटिश परवाने घेऊन स्पेनमधील ब्रिटिश फौजेलाच धान्य विकत होते. नफ्याला शत्रुत्व वर्ज्य नसते.

फ्रिगेटींचे तरी काय झाले? ‘कॉन्स्टेलेशन’ सारे युद्धभर नॉरफोकला अडकून पडली. ‘युनायटेड स्टेट्स’ १८१३ च्या जूनपासून न्यू लंडनमध्ये कोंडली गेली. त्याच महिन्यात ‘चेसापीक’ अवघ्या काही मिनिटांत ‘शॅनन’च्या हाती पडली, आणि जानेवारी १८१५ मध्ये ‘प्रेसिडेंट’ही गेली. ‘कॉन्स्टिट्यूशन’ तेवढी वारंवार निसटून कीर्ती मिळवीत राहिली. २४ डिसेंबर १८१४ च्या गेंट येथील तहात बळजबरीच्या भरतीबद्दल चकार शब्द नव्हता.

आणि मुंबईची ती युद्धनौका? तांबे बुडाले, पण काम अडले नाही. मलबारी सागाची ‘कॉर्नवॉलिस’ मे १८१३ मध्ये वाडियांच्या देखरेखीखाली पाण्यात उतरली. एप्रिल १८१५ मध्ये, तहाची बातमी पोहोचण्यापूर्वी, तिने ‘हॉर्नेट’ या छोट्या अमेरिकी युद्धनौकेचा अनेक दिवस पाठलाग केला. ‘हॉर्नेट’ निसटली खरी. परंतु त्यासाठी तिला आपल्या बहुतेक सर्व तोफा समुद्रात फेकाव्या लागल्या.