कढीपत्त्यावरची ‘कीड’

पावसाळा लागला की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो. कुंडीतला कढीपत्ता, त्यावर हिरवी गुबगुबीत अळी आणि खाली प्रश्न: ‘कीड लागलीय, काय मारू?’ पाच मिनिटांत तीन औषधांची नावं येतात. ‘हल्ली फुलपाखरंच दिसत नाहीत हो’ ही हळहळही त्याच ग्रुपवर, बहुधा त्याच मंडळींची.

अहो, ती अळी म्हणजेच फुलपाखरू. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले; दोन्हींवर कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय यांच्या माद्या मोहरीहून लहान, पिवळसर अंडी एकेक करून घालतात. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती तपकिरी-पांढरी असते, पक्ष्याची शीट वाटावी अशी, म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. चौथी कात टाकली की हिरवी होते, डोक्यामागे डोळ्यांसारखे खोटे ठिपके उमटतात. तिला काडीने डिवचलं तर मानेतून दुभंगलेली लालसर शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. बस्स, एवढंच तिचं शस्त्र. ती डंख मारत नाही, तिच्यामुळे खाजही सुटत नाही. शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसणाऱ्या केसाळ अळ्या खाजऱ्या, पण त्या पतंगांच्या. त्यांचा राग हिच्यावर कशाला?

‘पण झाड मरतं ना!’ नाही मरत. ती पानं खाते, खोड-मुळं नाही. मूळ धरलेला कढीपत्ता पुन्हा फुटतो, आपण ओरबाडल्यावर फुटतो तसाच. विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिकांत लाइम बटरफ्लायच्या अळ्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडतात हे खरं, आणि तिथल्या शेतकऱ्याने उपाय करणंही रास्त. पण त्याचा हिशेब नेरुळच्या बाल्कनीतल्या एका कुंडीला लावायचा? शिवाय औषध मारलेला तोच कढीपत्ता चार दिवसांनी आपल्याच फोडणीत पडतो, त्याचं काय?

महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, ‘नीलवंत’ असं नावही दिलं. त्याच्याही अळ्या लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. म्हणजे लिंबावरची अळी चिरडताना आपण काय चिरडतोय, याचा अंदाज घ्यावा.

‘फुलपाखरू उद्यान’ म्हणून नुसती झिनिया-घाणेरी लावणाऱ्यांचाही असाच घोटाळा. फुलं ही मोठ्यांची खाणावळ. पिल्लांना पानं लागतात, तीही ठरावीक झाडांची. प्लेन टायगरला रुई हवी, रेड पिएरोला पानफुटी. ती लावायची नाहीत, वर दर महिन्याला पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं, आणि मग फुलपाखरं का येत नाहीत म्हणून विचारायचं!

ओळखण्यातही गंमत आहे. कॉमन मॉर्मनची मादी कधी नरासारखी काळी-पांढरी, कधी कॉमन रोझ या दुसऱ्या फुलपाखरासारखी, तर कधी क्रिमझन रोझसारखी दिसते. ही दोन्ही रोझ पक्ष्यांना विषारी, म्हणून तिचं सोंग. तिन्ही रूपं एकाच जातीची हे पटत नसेल, तर फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांचा 2014 चा ‘नेचर’मधला शोधनिबंध बघा: हे सोंग ‘डबलसेक्स’ नावाचं एकच जनुक ठरवतं. खारघरच्या टेकडीवर ओळखायचं तर पंख सोडा, अंग बघा. खऱ्या रोझचं अंग लाल, मॉर्मनचं काळं.

बाकी गैरसमज किरकोळ. फुलपाखरू एका दिवसात मरत नाही, बहुतेकांना दोन-तीन आठवडे तरी मिळतात. पंखांची भुकटी म्हणजे सूक्ष्म खवले, त्यांनी कोणी आंधळं होत नाही. ते फक्त मधच पितं असंही नाही. ओल्या चिखलातून, शेणातून क्षार शोषणारे नर पावसानंतर सहज दिसतात. कोषातून निघताना ‘मदत’ करू नका, पंख कायमचे चुरगळलेले राहू शकतात.

आणि दर पावसाळ्यात बातमी होणारं ते ‘दुर्मीळ महाकाय फुलपाखरू’? तो अ‍ॅटलास पतंग. मिशा पिसांसारख्या, फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. सह्याद्रीत तो ठिकठिकाणी आढळतो. वाढ झालेल्या पतंगाला खायला तोंडच नसतं, अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. त्याला बादलीखाली झाकून सगळ्या विंगला दाखवत बसू नका, त्याला जोडीदार शोधायचा असतो.