झोलाचा म्हातारा आणि किळस आलेले वाचक

आता एमिल झोलाच्या 'ला तेर'कडे, म्हणजे 'जमिनी'कडे वळू. १८८७ सालची ही कादंबरी. फ्रान्समधल्या बोस भागातला म्हातारा शेतकरी फुआँ हयातीतच तीन मुलांत जमीन वाटून टाकतो. बदल्यात मुलांनी खावटी द्यायची. खावटी आटते, म्हातारा या घरातून त्या घरात ढकलला जातो, आणि शेवटी मुलगा-सून मिळून त्याचा जीव घेतात.

वाचकांना किळस आली. पाच तरुण लेखकांनी 'ल फिगारो'त पत्रक काढून झोलाशी नातंच तोडलं. लंडनमध्ये इंग्रजी अनुवादाच्या प्रकाशकाला, हेन्री व्हिझेटलींना, १८८८ साली अश्लीलतेपायी शंभर पौंड दंड झाला.

आम्हांला प्रश्न पडतो तो वेगळाच. 'नटसम्राट'मधले बेलवलकरही सगळं मुलांना देऊन बसतात; तिथे आपण रडतो. मग इथे किळस का? बेलवलकर मोठे कलावंत. फुआँ मात्र चिकट, घरच्यांना धाकात ठेवणारा, मुलांपासून रोखे लपवणारा. म्हणजे दया करण्याआधीसुद्धा आपण समोरच्याची लायकी तपासतो, नाही का? झोला ती सोयच ठेवत नाही. फुआँ आपल्याला आवडावा असं तो काही करत नाही. आणि तरी भर पावसात रात्रभर भटकणारा तो म्हातारा डोळ्यांसमोरून हलत नाही.