हिशेब बिघडवणाऱ्या खिडक्या

स्वीडनमधल्या माल्मो बंदरातली १३८ मीटर उंचीची क्रेन २००२ साली सुटी करून जहाजावर चढवली गेली आणि दक्षिण कोरियात उल्सानला पोहोचली. ह्युंदाईला ती एका डॉलरला मिळाली; वाहतुकीचा खर्च अर्थात वेगळा. कोकुम्स कंपनीचा जहाजबांधणी कारखाना बंद पडल्यावर त्या क्रेनला फारसं काम उरलं नव्हतं. तोवर शेजारच्या जागेवर माणसं राहायलाही आली होती. २००१ च्या गृहप्रदर्शनासाठी उभारलेली ही वस्ती म्हणजे ‘बो-०१’.

ही जमीन मुळात समुद्रात भराव घालून केलेली आणि पुढे कारखान्यांनी नासवलेली. त्यामुळे आधी दूषित माती काढून चांगली माती घालावी लागली. वस्तीची खरी करामत मात्र या मातीच्याही खाली, चुनखडकातल्या भूजलात आहे. तिथे गार विहिरी वेगळ्या, उबदार विहिरी वेगळ्या. उन्हाळ्यात गार विहिरींचं पाणी इमारतींना थंडावा देतं आणि स्वतः तापून उबदार विहिरींत जातं. हिवाळ्यात प्रवाह उलटा. हीट पंप त्या पाण्यातली उष्णता काढून घरं तापवतो आणि गार झालेलं पाणी परत गार विहिरींत. उन्हाळ्याची ऊब अशी जानेवारीपर्यंत साठवून ठेवायची. छतांवरचे सौर संकलक थोडी भर घालतात. हीट पंपाला आणि घरांना लागणारी वीज मुख्यतः बंदरातल्या २ मेगावॉटच्या पवनचक्कीची. ‘शंभर टक्के स्थानिक अक्षय ऊर्जा’ हा दावा वर्षभराच्या जमाखर्चावर उभा आहे. वारा जोरात असला की जादा वीज शहराच्या जाळ्यात द्यायची, पडला की तिथूनच घ्यायची. यात लबाडी नाही, पण वस्ती स्वयंपूर्ण आहे असा अर्थ कुणी काढू नये.

वाऱ्याचा दुसरा विचार मुख्य वास्तुरचनाकार क्लास थाम यांनी केला. समुद्राच्या बाजूला उंच इमारतींची रांग, आत बुटकी घरं आणि मुद्दाम वाकड्या ठेवलेल्या गल्ल्या, म्हणजे बोचरा वारा आत शिरेपर्यंत मोडतो. बांधकाम व्यावसायिकांना ३५ हरित कलमांपैकी निदान १० निवडणं सक्तीचं होतं. त्यातलं एक कलम होतं अंगणात बेडकांची सोय करण्याचं, हिवाळी झोपेच्या जागेसकट!

एवढं करूनही गणित चुकलं. प्रत्येक चौरस मीटरमागे वर्षाला जास्तीत जास्त १०५ युनिट ऊर्जा, असं लक्ष्य होतं. त्यात तापवणं, गरम पाणी आणि वीज सगळं आलं. प्रत्यक्ष मोजलं तेव्हा बहुतेक इमारतींनी ते ओलांडलं होतं, काहींनी चांगलंच. मोठं कारण होतं समुद्रदर्शनासाठी ठेवलेल्या भल्यामोठ्या काचा. संगणकावरच्या आकडेमोडीने काचांतून आणि सांध्यांतून निसटणारी उष्णता कमी धरली होती. माझ्या मते इथे दोष तंत्रज्ञानाचा कमी आणि विक्रीच्या मोहाचा जास्त. समुद्र दिसणाऱ्या घराला भाव येतो. भिंतीतल्या उष्णतारोधक थराचं कौतुक करायला कोण येणार? शिवाय हे १०५ युनिट फक्त वापराचे. सिमेंट-पोलाद बनवताना बाहेर पडलेला कार्बन त्यात धरलेलाच नाही, आणि २००५ मध्ये शेजारीच १९० मीटरचा ‘टर्निंग टॉर्सो’ हा मनोरा उभा राहिला.

तरी माल्मोने मोजणी केली आणि आकडे दडवले नाहीत, हे मोठंच. शेजारच्या ‘फ्लागहुसेन’ या पुढच्या टप्प्यात महापालिकेने बांधकाम व्यावसायिकांना सुरुवातीपासूनच चर्चेला बसवलं. तिथे ऊर्जेचं लक्ष्य १२० युनिटांचं होतं, आणि घरांचा मोठा भाग भाड्याचा.