हाडाचा कर्करोग आणि एझ्रिनचा माग

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुधा वाढत्या वयातल्या मुलांना गाठतो, तोही अनेकदा गुडघ्याजवळ. रोग हाडापुरताच असेल तर पाच वर्षांनंतर सुमारे ७० टक्के रुग्ण हयात असतात. फुप्फुसांत पसरला तर हे प्रमाण निम्म्याहून खाली येते.

या प्रसारात ‘एझ्रिन’ या प्रथिनाचा हात असल्याचे २००४मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. पेशीचे आवरण आतल्या अ‍ॅक्टिनच्या सांगाड्याशी जोडणारे हे प्रथिन फुप्फुसात नव्याने पोचलेल्या कर्कपेशींना तग धरायला मदत करते. गाठीत ते जास्त असलेल्या मुलांमध्ये रोग लवकर उलटल्याचेही आढळले. नेहमीच्या तपासणीत मात्र एझ्रिन नव्हे, तर रक्तातली अल्कलाइन फॉस्फेटेज आणि एलडीएच ही विकरे पाहतात.

मुलाचे रात्री ठणकणारे, आठवडेच्या आठवडे न थांबणारे दुखणे अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढाच.