मेंदूतील रक्तस्राव आणि दुसरी तपासणी



माझे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात अधिक झाले. वैद्यकावर बोलण्याचा अधिकार मला आहे तो केवळ रोगी म्हणून. गेल्या वर्षी माझ्या मेंदूत रक्तस्राव झाला. इस्पितळातून डोणगावी परतताना कार्डावर लिहून मिळाले : सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा. घरच्यांचे मत पडले, हात हलतो आहे, मग एस. टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्याची मजुरी कशाला बुडवायची? खरे सांगायचे तर माझेही तेच मत होते. बायकोने ऐकले नाही, म्हणून गेलो.

रक्तस्राव म्हणजे मेंदूतील बारीक रक्तवाहिनी फुटणे. पुष्कळदा ती वर्षानुवर्षे चढलेल्या रक्तदाबाने फुटते. सांडलेले रक्त शरीर हळूहळू शोषून घेते, सी. टी. स्कॅनच्या फिल्मवर ताजे रक्त पांढरे दिसते आणि पुढे फिके होत जाते. डॉक्टरांनी जुनी-नवी फिल्म उजेडासमोर धरून मला ते दाखविले. मग डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला लावले. डावा नकळत खाली घसरला. मला तो बरा झालेला वाटत होता!

रक्त गेले, पण वाहिनी फोडणारा दाब गेला काय? माझा वरचा आकडा १६० निघाला. तो १३०च्या खाली हवा होता. बरे वाटताच गोळ्या मी आपल्या मनाने सोडल्या होत्या. शिवाय डोकेदुखीवर दुकानातून अॅस्पिरिन आणली होती, जी रक्त गोठू देत नाही. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “लेखी करार होण्याआधी तुम्ही संप मागे घेता का?”

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी याच रोगाने गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३००/१९० होता. दाब नीट उतरवील असे औषध त्या काळी त्यांच्याही डॉक्टरांपाशी नव्हते. आज ती गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, साठा संपलेला नसला म्हणजे.

मात्र तपासणी फुकट पडत नाही. १९४८च्या कायद्याने आलेल्या राज्य विमा योजनेत कारखान्यातील कामगाराला आजारपणात पगाराचा हिस्सा मिळतो. सोयाबीन सोंगणाऱ्याचा दिवस बुडाला की बुडालाच. म्हणून आम्ही वर्गणीतून सोबत्याची एक दिवसाची मजुरी देऊ लागलो आहोत. रोग्याने एवढेच करायचे : जुने कार्ड, फिल्म आणि घरातल्या झाडून साऱ्या गोळ्या पिशवीत घालून न्यायच्या.