विश्लेषण : रानडुकरासाठी, रोहीसाठी बंदूक कोणती? चितेगावच्या शेतकऱ्यापुढील पर्याय किती?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना चितेगाव लागते. रस्त्यालगत कारखाने आणि मागे कपाशी, तूर, मका. मराठवाड्याच्या अशा शिवारांत पीक भरात आले, की रात्रीची राखण सुरू होते. रानडुक्कर कणसे पाडते, रोही म्हणजे नीलगाय शेंडे खुडते. मग पारावर विषय निघतो : एखादी चांगली रायफल असती तर? सगळ्या जनावरांना चालेल अशी एकच बंदूक असते का, आणि ती मिळते का?

मुळात मारायची परवानगी आहे का?

शिकारीचा छंद म्हणून नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मुळे तो मार्ग बंद आहे. उरतो तो कलम ११ चा अपवाद. उभ्या पिकाला धोका ठरलेल्या अनुसूची दोनमधील प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी देऊ शकतो. ती लेखी आणि कारणांसह असावी लागते. महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि रोहीसाठी हा अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत आला. काळवीट, चिंकारा आणि बिबट्या अनुसूची एकमध्ये आहेत. त्यांनी पीक खाल्ले वा शेळी नेली, तरी त्यांच्यावर बंदूक रोखता येत नाही. या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कैद आहे. काळोखात कळपातले रोही कोणते आणि काळविटाची मादी कोणती, हे ओळखता आले नाही तर बोट घोड्यापासून लांबच बरे.

पिकासाठी कोणत्या बंदुकीचा परवाना मिळतो?

इथे बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी पहिला उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरेशी नाही, असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे प्रत्यक्षात बारा बोअर. रायफलीला यात जागा नाही. तिच्यासाठी वेगळे, सबळ कारण दाखवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात, आधी ही मर्यादा तीन होती. परदेशी शिकारी उंदरापासून रेड्यापर्यंतच्या शिकारीसाठी चार-पाच रायफली जमवतो. इथे तो प्रश्न दोनवरच संपतो.

मग बारा बोअरच पुरते का?

रानडुकरासाठी, जवळून असेल तर, होय. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले, तर त्यातला एक गोळा नळीत नेमका बसतो. नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. हिची खरी सोय काडतुसात आहे. बंदूक तीच, पण एलजी, एसजीसारखे जाड छर्रे घातले की डुक्कर, बारीक छर्रे घातले की नुसता आवाज आणि धाक. मात्र तीस-पस्तीस मीटरच्या पुढे छर्रे विखुरतात. जनावर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरते. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी ऊस तोडायला आलेल्या बाईला भेटते, हा धोका कागदावर कुठेच लिहिलेला नसतो.

रोहीचे काय?

पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढे जातो. त्याला लांबून छर्रे मारणे म्हणजे निव्वळ क्रौर्य. इथे रायफल लागते आणि भारतात तिचे दोन व्यवहार्य पर्याय आहेत.

पहिला .३१५. इंग्रज सरकारला लष्कराचे .३०३ काडतूस नागरिकांच्या हाती नको होते, म्हणून ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीच्या आठ मिलिमीटर काडतुसावर बेतलेली ही रायफल इथे रुजली. ती ईशापूरच्या कारखान्यात बनते, तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. गोळी जड, साधारण सोळा ग्रॅमची आणि बेताच्या वेगाची. शे-सव्वाशे मीटरपर्यंत रोही आणि डुक्कर दोन्हींना ती पुरून उरते.

दुसरा .३०-०६, अमेरिकी सैन्याचे १९०६ चे काडतूस. गोळी साधारण दहा ते चौदा ग्रॅमची निवडता येते, आणि याच कारणाने जगभर हे ‘सगळ्याला चालणारे’ काडतूस मानले जाते. पावणेबारा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते, तिची ऊर्जा.२२ च्या गोळीच्या पंचवीस पटींहून अधिक भरते. .२२ ने डुक्कर मारायचा विचार करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. .३७५ मॅग्नमसारखी भारी रायफल इथे गैरलागू आहे. जिम कॉर्बेट यांनी .२७५ च्या हलक्या रायफलीने नरभक्षक वाघ मारले. गोळी खांद्यामागे नेमकी बसणे हे नळीच्या व्यासापेक्षा महत्त्वाचे होते. काडतूस मात्र मऊ टोकाचेच हवे. कडक आवरणाची गोळी जनावरातून आरपार जाते.

आणि पलीकडे काय असते?

चितेगावसारख्या ठिकाणी निर्णय इथे होतो. .३०-०६ ची गोळी काही अडवायला नसेल तर तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. सपाट काळ्या रानात टेकडी नाही, आणि त्या अंतरात शेतवस्ती, कारखान्याची पाळी सुटून घरी निघालेले कामगार, पैठण रस्ता, सगळे येते. त्यामुळे कागदावर सर्वांत चांगली रायफल इथे सर्वांत धोक्याची ठरू शकते. माळ्यावरून किंवा मचाणावरून, गोळी खाली जमिनीत शिरेल अशा कोनातच मारायचे, हा जुन्या शिकाऱ्यांचा नियम इथे सक्तीचा मानावा. मचाण नसेल तर बारा बोअर आणि कमी अंतर. कुंपणात वीज सोडणे किंवा गावठी बॉम्ब पेरणे हे या दोन्हींहून वाईट. त्यात डुकराआधी माणूस जातो.

मारल्यानंतर?

मांस घरी नेता येत नाही. कलम ११ खाली मारलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते. वनविभागाला कळवायचे, पंचनामा होईपर्यंत धड हलवायचे नाही आणि परवानगीचा कागद व शस्त्र परवाना दोन्ही जवळ ठेवायचे. एकच कागद असून भागत नाही.