अंगठ्यावर उभी राहिलेली बँक

माणदेशी महिला सहकारी बँक ही सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवड येथे १९९७ साली सुरू झालेली ग्रामीण महिलांची सहकारी बँक आहे. सभासद महिला, संचालक मंडळ महिलांचे, आणि कर्जदार म्हणजे भाजी विकणाऱ्या, शेळ्या पाळणाऱ्या, शिवणयंत्र चालवणाऱ्या, खानावळ किंवा बांगड्यांचे दुकान थाटणाऱ्या बायका. बँकेच्या जोडीला माणदेशी फाउंडेशन ही वेगळी संस्था आहे. पैसा बँक देते. धंदा शिकवणे, परवान्याचे कागद करून देणे आणि दुष्काळात हात देणे ही कामे फाउंडेशन करते. दोन्हींच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा. मुंबईत वाढलेल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या आणि जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून घडलेल्या या कार्यकर्त्या लग्नानंतर, १९८०च्या दशकात, म्हसवडला राहायला आल्या.

बँक समजून घ्यायची तर आधी माणदेश समजून घ्यावा लागतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, डोंगरांच्या पर्जन्यछायेत पडलेल्या माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्शाचीही खात्री नसते. ज्वारी-बाजरीचे एक पीक हाती लागले तरी वर्ष बरे गेले म्हणायचे. त्यामुळे इथला संसार शेतीपेक्षा शेळ्या-मेंढ्यांवर, खिल्लार जनावरांवर आणि बाहेरून येणाऱ्या पैशावर चालत आला. साताऱ्याचे पुरुष मुंबईला माथाडी कामगार म्हणून गेले, बायका गावात राहिल्या. घर, जनावरे आणि आठवड्याच्या बाजारातली पाटी त्यांच्याकडे आली. जमिनीचा सातबारा आणि घराचा उतारा मात्र नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावरच राहिला. हातात धंदा आहे आणि नावावर काहीच नाही, अशा बाईला तारण मागणाऱ्या बँकेत जागा नसते.

बँकेची सुरुवात कर्जाच्या गरजेतून झाली असे वाटते, पण ती झाली बचतीतून. म्हसवडमध्ये उघड्यावर राहून लोहारकाम करणारी एक बाई पावसाळ्याआधी आडोशाला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा म्हणून रोज थोडे पैसे साठवू पाहत होती. गावातल्या बँकेने तिचे खाते उघडायला नकार दिला; रोजची एवढीशी रक्कम स्वीकारणे बँकेला परवडणारे नव्हते. तिला कर्ज नको होते, अनुदान नको होते, स्वतःचेच पैसे सुरक्षित ठेवायला जागा हवी होती. या नकारातून आपलीच बँक काढण्याची कल्पना निघाली.

महाराष्ट्रात यासाठी तीन वाटा होत्या. बचत गट काढणे सर्वांत सोपे, पण गटाची झेप गटापुरती. पतसंस्था काढणे त्याहून अवघड, तरी आवाक्यातले; मात्र पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण नसते. तिसरी वाट सहकारी बँकेची. तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली होते, परवाना रिझर्व्ह बँकेचा लागतो आणि ठेवींना विमा मिळतो. २०२० पासून हे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत आहे. महिलांच्या सहकारी बँका तेव्हा नव्या राहिल्या नव्हत्या. अहमदाबादची सेवा बँक १९७४ साली चार हजार कष्टकरी बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून उभी केली होती. पण ती शहरातली. दुष्काळी तालुक्यात, शेतमजूर आणि बाजारकरी बायकांच्या भागभांडवलावर बँक काढणे ही निराळी गोष्ट होती.

पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला. प्रवर्तक म्हणून ज्यांची नावे होती त्यांतल्या अनेकींनी सहीच्या जागी अंगठा उठवला होता. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना बँकेचा परवाना देता येणार नाही, असे उत्तर आले. नियमाच्या बाजूने पाहिले तर ते अगदीच गैर नव्हते. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संचालकांना ताळेबंद वाचता यावा ही अपेक्षा रास्तच. चूक एवढीच होती की अक्षरओळख आणि हिशोब या दोन गोष्टी एकच धरल्या गेल्या.

त्यानंतर बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले. दिवसभर काम आणि संध्याकाळी पाटी, असे सुमारे पाच महिने चालले. मग पंधराएक जणी मुंबईला रिझर्व्ह बँकेत गेल्या. आम्ही वाढत होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, तो आमचा दोष नव्हे, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. पुढे त्यांनी उलटे आव्हानही दिले: वाटेल त्या रकमेचे व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय काढावे. बँकेला परवाना मिळाला. हा प्रसंग भाषणांतून पुष्कळदा सांगितला जातो आणि त्यात आव्हानालाच टाळ्या पडतात. त्याआधीचे पाच महिने मागे पडतात, आणि खरे श्रम तर तिथेच झाले होते.

या बायकांना व्याज तोंडी येत होते यात नवल नाही. बँकेच्या कागदावर व्याज ‘द.सा.द.शे.’ असते, म्हणजे वर्षाला शंभराला किती. गावचा सावकार महिन्याच्या भाषेत बोलतो: शेकडा दोन, शेकडा पाच, शेकडा दहा. शेकडा दोन म्हणजे हजाराला महिन्याचे वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. कागदी भाषेत चोवीस टक्के. शेकडा दहा म्हणजे वर्षाला एकशे वीस टक्के. ज्यांनी जन्मभर हे व्याज भरले, त्यांना ते शिकवावे लागत नाही.

सर्वांत महाग पैसा आठवड्याच्या बाजारातला. भाजी किंवा फळे विकणारी बाई सकाळी माल उचलण्यासाठी रोकड घेते आणि बाजार उठला की फेडते. हातात नऊशे मिळतात, संध्याकाळी हजार द्यावे लागतात, असा हा व्यवहार. नऊशे रुपयांवर वर्षाला चोवीस टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज साठ पैशांच्या आतच भरते. इथे शंभर रुपये जातात. तरीही ती सावकाराकडे जाते, कारण सावकार पहाटे असतो, बाजारातच असतो, कागद मागत नाही आणि उद्या पुन्हा देतो. बँकेने स्पर्धा करायची ती व्याजाच्या दराशी नव्हे, या चार सोयींशी. लहान धंद्यांच्या कर्जयोजना आखणारे बहुतेक जण इथेच चुकतात. व्याज दोन टक्क्यांनी कमी केल्याची जाहिरात होते, आणि अर्ज घेण्याची वेळ सकाळी अकरानंतरचीच राहते.

माणदेशीने ही गोष्ट हळूहळू, सभासदांकडूनच शिकून घेतली. बँकेत यायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, हे लक्षात आल्यावर बँकेची माणसे दारात आणि बाजारात जाऊ लागली. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा माणूस महाराष्ट्राला जुना. पेठेतल्या दुकानदारांकडे तो रोज जातोच. तीच पद्धत इथे पाटी घेऊन बसणाऱ्या बाईपर्यंत नेली गेली. बाजारकरी बायकांना कॅश क्रेडिट देण्याची कल्पनाही अशीच. ठरलेल्या मर्यादेत पैसा उचलायचा, विक्री झाली की भरायचा, व्याज वापरलेल्या दिवसांपुरते. व्यापाऱ्यांना ही सोय पिढ्यान्‌पिढ्या मिळते. कोथिंबिरीच्या जुड्या विकणारीही व्यापारीच आहे, एवढेच बँकेने मान्य केले.

दुसरा धडा पासबुकाचा. बायका म्हणाल्या, पासबुक घरी नको. घरी ठेवले की नवऱ्याला शिल्लक कळते, आणि कळली की राहत नाही. तेव्हा पासबुके बँकेतच ठेवली जाऊ लागली. पुढे कार्डाची गोष्ट निघाली आणि गुप्त क्रमांक द्यायचे ठरू लागले, तेव्हा त्यालाही बायकांनीच हरकत घेतली. क्रमांक दुसऱ्याला कळू शकतो. ज्याच्या हाती कार्ड आणि क्रमांक, त्याच्या हाती पैसा. त्यापेक्षा अंगठा घ्या, तो कोणी चोरून नेऊ शकत नाही. ज्या अंगठ्यामुळे पहिला अर्ज परत आला होता, तोच अंगठा आता यंत्रावर टेकवून खाते उघडू लागले. आधार जोडणीच्या काळात बोटांचे ठसे देशभर सवयीचे झाले; म्हसवडच्या बाजारात त्यामागचे कारण मात्र सरकारी नव्हते, घरगुती होते.

कर्ज मिळाले म्हणजे धंदा चालतो असे नाही. शिवणयंत्र घेतलेल्या दहा जणी एकाच गल्लीत परकर शिवू लागल्या तर दहाही जणींचा हप्ता थकतो. बँकेने व्याजाच्या उत्पन्नातून शिक्षण द्यावे म्हटले तर हिशोब जुळत नाही, कारण लहान कर्ज वाटण्याचा आणि वसूल करण्याचा खर्च आधीच जड असतो. म्हणून शिकवण्याचे काम फाउंडेशनकडे आणि त्याचा पैसा देणग्यांतून, कंपन्यांच्या मदतीतून, अशी विभागणी आहे. बँक स्वतःच्या पायावर उभी राहावी आणि शिक्षणासाठी बाहेरचा हात घ्यावा, हे त्यामागचे सूत्र. त्यातली कच्ची बाजूही उघड आहे: देणगीदाराचे लक्ष दुसरीकडे गेले की वर्ग आधी बंद पडणार.

बायकांसाठीची उद्योगशाळा २००६ साली सुरू झाली. पाठोपाठ तिची बसही आली. वर्गाला येण्यासाठी घरातून परवानगी, भाडे आणि अख्खा दिवस लागतो, म्हणून वर्गच चाकांवर घातला. बस गावात येऊन थांबते, आत शिवणयंत्रे किंवा संगणक असतात, आणि जवळपासच्या वस्त्यांवरच्या बायका कामातून वेळ काढून शिकून जातात. शिवण, कागदी प्लेट बनवणे, शेळीपालन, संगणक असे विषय आहेत. सगळ्यांबरोबर पैशाचा हिशोब शिकवला जातो. जिचा धंदा आधीच चालू आहे आणि वाढवायचा आहे, तिच्यासाठी ‘देशी एमबीए’ नावाचा लांब पल्ल्याचा अभ्यासक्रम आहे. नाव गमतीचे असले तरी अडचण नेमकी हेरलेली आहे. घरगुती धंदा करणारी बाई मालाची किंमत काढताना पीठ, तेल, गॅस धरते. स्वतःची मजुरी धरत नाही. चटणी विकून पैसे येतात, पण नफा झाला की फक्त मेहनत विकली गेली हे तिला कळत नाही. घरखर्चाचा आणि धंद्याचा गल्ला वेगळा ठेवणे हा या शिक्षणातला सर्वांत साधा धडा आणि पाळायला सर्वांत कठीण.

शेळीचा विषय जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, पण माणदेशात ती गरिबाची मुदत ठेवही आहे. सण, आजारपण, शाळेची फी आली की एक बोकड विकला जातो. जुळी करडे देणारी आणि कोरड्या हवेत टिकणारी उस्मानाबादी शेळी इथे चालते. जात सुधारली तर करडांचे वजन वाढते आणि भावही. त्यासाठी कृत्रिम रेतन करावे लागते, आणि पशुवैद्य दोन शेळ्यांसाठी वाडीवर येत नाही. फाउंडेशनने गावातल्याच बायकांना हे काम शिकवले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा त्याला आधार होता. शेळीच्या डॉक्टरीणबाई दुचाकीवरून दारोदार जाऊ लागल्या. इथे प्रशिक्षण हाच धंदा झाला, आणि त्या धंद्याने इतर शेकडो लहान धंद्यांची किंमत वाढवली.

पैसा आणि शिक्षण यांनंतरचा तिसरा भाग पाठबळाचा. लहान धंदा वाढू लागला की कागद मागे लागतात. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा नोंदणी हवी. लहान विक्रेत्याला ती अगदी थोड्या शुल्कात मिळते. उद्यम नोंदणी तर फुकट होते. तरी या दोन कागदांसाठी तालुक्याच्या गावात मध्यस्थाला हजारो रुपये दिले जातात, कारण अर्ज संगणकावर भरायचा असतो. अशा कामांसाठी फाउंडेशनने बायकांचे व्यापारी मंडळ आणि मदतीचा दूरध्वनी चालवला. म्हसवडहून २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्रही ९०.४ मेगाहर्ट्‌झवर बोलते; त्यावर ओव्या असतात, बाजारभाव असतात आणि खाते कसे उघडायचे हेही असते. शाळा लांब पडते म्हणून मुली घरी बसू नयेत यासाठी सायकली दिल्या गेल्या. मुंबईत भरणाऱ्या माणदेशी महोत्सवात घोंगडी, ज्वारी, पापड, मसाले थेट शहरी गिऱ्हाइकासमोर येतात.

या सगळ्या रचनेची परीक्षा २०१२-१३च्या दुष्काळात झाली. चाऱ्यासाठी दागिने गहाण ठेवायला बायका बँकेत येऊ लागल्या. दागिन्यावर कर्ज देणे बँकेला सोपे आणि सुरक्षित. पण पैसा हातात असून चारा मिळत नव्हता, पाणीही नव्हते. कर्ज वाटत राहणे म्हणजे सोने जाऊ देणे आणि जनावरही जाऊ देणे. तेव्हा फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी उघडली. हजारो जनावरे दावणीला आली, त्यांच्यामागे माणसे आली, आणि छावणी वर्षाहून अधिक काळ चालली. २०१९च्या दुष्काळात ती पुन्हा उघडावी लागली. मधल्या काळात ओढ्यांवर बंधारे बांधण्याचे कामही हाती घेतले गेले. बँकेच्या दृष्टीने हा निव्वळ परोपकार नव्हता: कर्जदाराची म्हैस जगली तरच हप्ता येतो.

सरकारी योजना आज पुष्कळ आहेत. २०१५ पासून मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते, २०२० पासून फेरीवाल्यांना पंतप्रधान स्वनिधी योजनेत कर्ज मिळू लागले; पहिले कर्ज सुरुवातीला दहा हजार रुपयांचे होते. त्यांच्या तुलनेत माणदेशीचा व्याप लहान आहे. म्हसवडबाहेर दहिवडी, वडूज अशा मोजक्या ठिकाणी शाखा निघाल्या, पण ती राज्यभर पसरलेली बँक नव्हे आणि तसा तिचा दावाही नाही. तिचे कर्जदार बहुतांशी एकाच आभाळाखालचे आहेत. पाऊस चुकला तर सगळ्यांचा एकदमच चुकतो. ही जोखीम कोणत्याही प्रशिक्षणाने जात नाही.

जानेवारी २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या वार्षिक बैठकीचे सहअध्यक्षपद सात महिलांकडे होते. चेतना सिन्हा त्यांपैकी एक होत्या. बँकेचे मुख्य कार्यालय म्हसवडलाच आहे.